मामांच्या हातावरचा मोझॅक

माणसाचा चेहरा पुसट करण्याचं माझं पहिलं काम मी व्हॅसलीननं केलं. ऐंशीचं दशक सरता सरता आम्ही नाशिकहून सिल्वासाला आलो होतो. आमचे हे एका सुताच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते आणि सुटीच्या दिवशी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. मुंबईच्या कुणा शूटिंगवाल्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं, की लेन्सपुढच्या काचेला कडेकडेनं व्हॅसलीन फासलं की नवरी ढगातून उतरल्यासारखी दिसते. फासायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी कुठलंच काम हात राखून करत नाही. लग्न वासोणा गावाच्या बाजूचं, मे महिन्यातलं, मांडवावर पत्रे. बाराच्या उन्हात व्हॅसलीन पातळ झालं आणि कडेवरून मध्ये आलं. नवरी ढगात गेली, नवरा ढगात गेला, भटजींचा तर नुसता आवाजच उरला. अख्ख्या कॅसेटमध्ये स्वच्छ आला तो मांडवाच्या कोपऱ्याला टांगलेला एक नारळ. नवरीच्या वडिलांनी कॅसेट शेवटपर्यंत बघितली आणि म्हणाले, "नारळ छान आलाय." भला माणूस होता. त्यानं पुढे आम्हाला आणखी दोन लग्नं मिळवून दिली.

मग तीन-चार वर्षांनी आमच्याकडे मिक्सिंगचं यंत्र आलं. हे मुंबईहून बसनं येताना ते खोकं मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मला माहेरून आणायला आले होते, तेव्हा लेकीला काही त्यांनी इतका वेळ मांडीवर धरलं नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवस त्यांनी मला त्या यंत्राला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांची पहिली पाळी होती. ते सकाळी कारखान्यात गेले आणि मी दार लावून घेतलं. दुपारी ते परत आले तोवर कुठलं बटण काय करतं हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. तेव्हापासून वाटणी ठरली. शूटिंग त्यांचं, मिक्सिंग माझं.

व्यवस्था अशी होती, की एका व्हीसीआरमध्ये यांनी शूट केलेली कच्ची कॅसेट चालायची, तिचं चित्र यंत्रातून जायचं आणि दुसऱ्या व्हीसीआरमध्ये पक्की कॅसेट भरली जायची. मध्ये मी. चित्राचं पान उलटायचं, चित्र बदामात घालायचं, गोठवायचं, झटके देत चालवायचं, हे सगळं माझ्या बोटांखाली होतं आणि मी ते सगळं वापरत असे. आताची मुलं त्या कॅसेटी बघून हसतात. हसोत. त्या काळी साधं चित्र साधं दाखवलं की लोकांना आपण फसवले गेलो असं वाटायचं. एका बाईनं मला तोंडावर सुनावलं होतं, "माझ्या धाकट्या जावेच्या लेकीच्या लग्नात अठरा बदाम होते, आमच्यात अकराच कसे?"

पण माझा जीव जडला तो मोझॅकवर. ते बटण दाबलं की चित्राच्या चौकटी चौकटी व्हायच्या आणि समोर काय आहे ते कळेनासं व्हायचं. अख्खं चित्र पुसट करणं कुणालाही जमेल. मी शोधून काढलं ते वेगळंच. एकच कॅसेट यंत्राच्या दोन्ही बाजूंना जोडायची, एका बाजूला मोझॅक लावायचा आणि दोन्हींच्या मध्ये गोल भोक पाडायचं. मग फक्त त्या गोलातलंच पुसट होतं, बाकी सगळं स्वच्छ. आणि यंत्राला एक छोटी दांडी होती, ती हलवली की तो गोल पडद्यावर फिरायचा. म्हणजे माणूस डावीकडे गेला की आपणही दांडी डावीकडे न्यायची. सगळं चालत्या कॅसेटवर. चुकलं तर कॅसेट मागे न्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पिठल्यातली गुठळी पळीनं हेरून फोडतात, तेवढीच नजर आणि तेवढाच हात लागतो. हे मी कुणाकडून शिकले नाही, याचा मला फार गर्व होता. गर्वाला वापरायला जागा हवी असते, आणि ती एका लग्नानं दिली.

नवरीचे वडील आमच्याच वसाहतीत राहायचे. मूळचे साक्रीकडचे, दहा-बारा वर्षं सिल्वासात, एका कारखान्यात सुपरवायझर. मुलगी दिली होती नवसारीच्या मराठी घरात. जावयाचे वडील कडक. चहासुद्धा दिवसातून एकदाच घेणारे, दारूचं नाव काढलं की उठून जाणारे. आता सिल्वासात दारू उघडी आणि चार पावलांवर गुजरातेत बंद, म्हणजे इथल्या लग्नाला पलीकडून पाहुणे किती उत्साहानं येतात हे वेगळं सांगायला नको. लग्नाच्या दिवशी नवरीच्या वडिलांनी सगळ्यांना धाकात ठेवलं होतं. पण आदल्या दिवशीच्या हळदीत बेंजो लागला आणि धाक संपला. वसाहतीच्या अंगणात भर दुपारी पुरुष मंडळी हातात ग्लास घेऊन नाचली. यांनी ते सगळं इमानेइतबारे शूट केलं, कारण समोर जे दिसेल ते शूट करायचं, एवढंच त्यांना कळतं.

चौथ्या दिवशी नवरीचे वडील आमच्या दारात.

"भाभी, एक सेटिंग करून द्यायचं," ते म्हणाले. "हळदीचं काढून टाकू नका, सगळे नातेवाईक त्यातच आहेत. फक्त हातातलं जे आहे ना, ते दिसलं नाही पाहिजे. व्याही कॅसेट बघणार आहेत."

"कुणाकुणाच्या हातातलं?" मी विचारलं.

"सगळ्यांच्या. आता कोण शोधत बसणार? कप सोडा, ग्लास झाका."

कप सोडा, ग्लास झाका. इतकी स्पष्ट सूचना मला उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुणी दिलेली नाही. मला तर सणच झाला. पाणी स्टीलच्या पेल्यांतून होतं, चहा कपांतून होता, काचेचे ग्लास मंडपवाल्याचे होते आणि ते कशासाठी आले होते हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. मी पाच सकाळी बसले. नवरीचा काका खुर्चीत बसून पीत होता, त्याला झाकणं म्हणजे हातचा मळ. दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले होते, तिथं एक मोठा गोल करून दोन्ही ग्लास एकत्र घेतले. खरी कसोटी होती नवरीच्या मामाची.

मामा साधारण चाळिशीचे, काटकुळे, एका कारखान्यात पॅकिंगला. बायको-मुलगी साक्रीकडे गावी, हे इथं एकटे खेरडीच्या वाटेवर एक खोली घेऊन राहायचे. त्यांच्या पिण्याचे किस्से वसाहतीत पोरासोरांना माहीत होते. एकदा ते सायकल खांद्यावर घेऊन घरी आले होते आणि विचारलं तर म्हणाले, ती दमली होती. हळदीत हा माणूस जो नाचला, त्याला तोड नाही. डावा हात कमरेवर, उजव्या हातात ग्लास डोक्याच्या वर, आणि गिरकी. मग खाली बसून गिरकी. मग ग्लास पाठीमागून फिरवून दुसऱ्या हातात. हे दृश्य जेमतेम दीड मिनिटाचं, पण मी ते तीस वेळा तरी मागं नेलं असेल. गोल हाताच्या पुढे जायचा नाहीतर मागे राहायचा. एकदा तर ग्लास सुटून मामांचं डोकंच पुसट झालं. "काय ढोसलंय या माणसानं!" असं मी एकटीच मोठ्यानं म्हणत होते. शेवटी पाचव्या सकाळी एका दमात साधलं. दीड मिनिट तो गोल मामांच्या हाताला चिकटून फिरला, क्षणभरही सुटला नाही. हे घरी आल्यावर मी त्यांना तेवढंच पुन्हा पुन्हा दाखवलं. हे म्हणाले, "हात आहे का काय आहे तुझा!" आमच्या लग्नाला बारा वर्षं होत आली होती आणि त्यांनी माझ्या हाताचं कौतुक पहिल्यांदाच केलं होतं. स्वयंपाकाला तो मान कधी मिळाला नव्हता.

पक्की कॅसेट गुरुवारी दिली. कच्च्या कॅसेटी आमच्याकडे तीनच होत्या. पक्की एकदा पोचली की कच्चीवर पुढचं लग्न चढायचं, सगळेच शूटिंगवाले तसं करायचे. रविवारी सकाळी यांनी त्याच कॅसेटीवर वापीच्या रस्त्यावरचा एक साखरपुडा भरून आणला. त्याच रविवारी दुपारी नवरी सासरच्या माणसांना घेऊन पहिल्यांदा माहेरी आली होती आणि कॅसेट लावायची होती. मला खास बोलावणं होतं. मी चांगली साडी नेसून गेले.

खोलीत पंधरावीस माणसं. खुर्चीत जावयाचे वडील, शेजारी त्यांची म्हातारी आई, खाली सतरंजीवर बायका. त्यातच मामी होती. मामांची बायको लग्नासाठी गावाहून आली ती अजून परतली नव्हती. तिचं काय चाललं होतं ते नवरीच्या आईनं मला आधीच सांगितलं होतं. मामांनी तिला शब्द दिला होता, की वर्षभर थेंब घेणार नाही. ते वर्ष भाचीच्या लग्नानंतर तीन आठवड्यांनी पुरं होत होतं. लग्न निभावलं तर मामी इथंच राहणार, मुलीलाही आणणार. मुलीच्या शाळेचा दाखला तिनं येतानाच काढून आणला होता आणि ट्रंकेत ठेवला होता. एकूण, लग्न भाचीचं असलं तरी परीक्षा मामांची होती.

हळद सुरू झाली. पहिला गोल काकांच्या हातावर आला.

"त्याच्या हाताला काय झालं रे?" नवसारीच्या म्हातारीनं विचारलं. "दाझला की काय?" नवसारीकडे भाजण्याला दाझणं म्हणतात.

मग दोघा भावांचा मोठा गोल आला.

"अगं बाई, हे पण दाझले?"

"टीव्ही जुना आहे, आजी," नवरीचे वडील म्हणाले. "मधून मधून असं करतो."

"हाताजवळच करतो?" म्हातारी म्हणाली.

कुणीतरी फिस्सकन हसलं. तेव्हा मला पहिल्यांदा चूक कळली. उघडा ग्लास कुणाच्या लक्षातही आला नसता. लोक नवरीची साडी बघत होते, कोण जाड झालंय ते बघत होते. आता मात्र सगळी खोली फक्त गोल शोधत होती. जावयाच्या वडिलांचे ओठ घट्ट मिटले होते. आणि मग माझी कलाकुसर आली. मामांची गिरकी. गोल वर, गोल खाली, गोल पाठीमागून दुसऱ्या हातात. सगळ्यांत सफाईदार, सगळ्यांत लांब. दीड मिनिट खोलीतल्या एकूण एक माणसानं मामांच्या हातावरून नजर काढली नाही, आणि मी ज्या दृश्यासाठी चांगली साडी नेसून आले होते ते असं पार पडलं.

मामी उठली. कुणावर ओरडली नाही, रडली नाही. पदर खोचला, चपला घातल्या आणि निघून गेली. मामा दाराशी उभे होते, तिला वाट देण्यासाठी ते बाजूला झाले, एवढंच.

जावयाचे वडील, खरं सांगते, नंतर हसले. म्हणाले, "झाकलंत तरी, म्हणजे लाज आहे." नवरीचं घर निभावलं. ज्याचा त्यात काहीच दोष नव्हता त्याचं मात्र मोडायला आलं.

मामांचा दोष नव्हता हे मला मंगळवारी कळलं. हे कारखान्यात गेले होते, मी यंत्रापुढे बसले होते आणि दारात मामा आले. आत या म्हटलं तरी आत आले नाहीत.

"वहिनी, माझ्या ग्लासात सरबत व्हतं," ते म्हणाले. "लिंबाचं. ती म्हणते, मंग झाकलं कशाले? दाजी सांगून राह्यले, बहीण सांगून राह्यली, ती कोनाचंच ऐकत नाय. उद्या सकाळच्या गाडीनं चालली. तुमी तर झाकायच्या आधी पाह्यलं नं? तुमी एकदा सांगा."

"तुम्हीच का सांगत नाही?" मी म्हटलं.

"मी सांगितलं त पिनारा सांगतो," ते म्हणाले. "माझ्या सांगन्याले काय अर्थ आहे?"

ते गेल्यावर मी धावत कच्च्या कॅसेटीकडे गेले, माहीत असूनसुद्धा. लावली. साखरपुडा. पुढे नेली. साखरपुडा. एक बाई पेढ्यांचं ताट घेऊन कॅमेऱ्याकडे बघत उभी होती आणि हलतच नव्हती. पार शेवटी साखरपुडा संपला आणि त्या हळदीची जुनी शेपटी तेवढी राहिली होती, अर्धं मिनिट. त्यात बेंजोवाला घाम पुसत होता आणि अंगणातलं एक कुत्रं जांभई देत होतं. मामा नाहीत. पुसट करायचं बटण होतं, पुसट केलेलं परत स्वच्छ करायचं बटण कुणी बनवलंच नव्हतं. तेही तेवढंच सहज होईल असं मला का कोण जाणे, आतून कुठंतरी वाटत होतं.

मग मी डोळे मिटले आणि आठवायला बसले. मामांची गिरकी मला पाठ होती. कुठल्या ठेक्याला हात वर जातो, कुठे कोपर वाकतं, कुठे ग्लास पाठीमागे जातो, मी आजही दांडी हलवून दाखवू शकेन. पण त्या ग्लासात काय होतं? पिवळट होतं? तांबूस होतं? लिंबाची फोड तरंगत होती का? मी तीस वेळा बघितलं होतं आणि एकदाही बघितलं नव्हतं. ग्लास हातात आहे, मामा नाचताहेत, मामांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला आणखी बघायची गरज कुठे वाटली? माझा मलाच असा राग आला, की मी उठून ते यंत्र दुपट्यानं झाकून टाकलं.

संध्याकाळी हे आले. सगळं ऐकून म्हणाले, "त्यात काय? सरबत होतं म्हणून सांगून टाक. माणूस खोटं बोलतोय असं वाटतं का तुला?"

"नाही वाटत."

"मग झालं तर. खरं आहे ते पाहिलंस म्हणून सांगायचं, एवढंच खोटं."

माझ्या नवऱ्याची अक्कल अशी कधीतरी एकदम सरळ चालते आणि मला पटते. तांदळाची भाकरी आणि भाजी झाकून ठेवली आणि उजेड होता तोवर मी खेरडीच्या वाटेनं निघाले. कारखान्यांच्या भिंती संपल्या, शेतं लागली. वाटेत मी वाक्य पाठ करत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तीस वेळा पाहिलंय. सरबतच होतं.

मामा दारातल्या दगडावर बसले होते. मला बघून उभे राहिले. आत मामी ट्रंक भरत होती. एका लुगड्याची घडी घालत होती, पुन्हा मोडत होती आणि पुन्हा घालत होती. मला बघून तिनं घमेल्याजवळचा पाट पुढे सरकवला.

"बसा. तुमीबी त्याच्यासाठीच आल्या ना?"

"वहिनी," मी सुरू केलं, "मी स्वतः पाहिलंय. कॅसेट मीच केली. तीस वेळा पाहिलंय. त्यांच्या ग्लासात सरबतच होतं."

तिनं घडी थांबवली. वर बघितलं. तिच्या डोळ्यांत चीड नव्हती, असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती थकली होती.

"कोनत्या रंगाचं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. लिंबाच्या सरबताला रंग काय असतो? पांढुरकं. लहान मुलानंही सांगितलं असतं. पण तिनं असं बघितलं माझ्याकडे, की ते शब्द बाहेरच येईनात. दारात मामा उभे होते. माझ्या एका शब्दावर त्या माणसाचं घर उभं राहणार होतं, आणि तो शब्द माझ्याकडे नव्हता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी खोटं बोलले. मला झाकायला सांगितलं, मी झाकलं. कप सोडायचे, ग्लास झाकायचे, एवढंच सांगितलं होतं. मामा आहेत म्हणजे दारूच असणार, असं धरून चालले. ग्लासात बघितलंच नाही. माझी चूक आहे, वहिनी. गोल कुणाच्या हातावर टाकायचा ते मी ठरवलं, त्यांनी नाही."

आणि मला रडू फुटलं. परक्या बाईच्या घरी, तिच्या पाटावर बसून, तिचं दुःख बाजूला ठेवून मीच रडायला लागले. लाज वाटत होती आणि थांबवता येत नव्हतं.

मामीनं लुगडं ट्रंकेवर ठेवलं. कोपऱ्यातल्या माठातून पाणी आणून माझ्या हातात दिलं.

"चौदा वर्सं झाली माझ्या लग्नाले," ती म्हणाली. "चौदा वर्सं सगळे मले एकच सांगतात, त्यानं नाय घेतली. सासू सांगे, नणंद सांगे, त्याचे दोस्त सांगे. झोकांडी खात दारात उभा राहे तवाबी सांगे, नाय घेतली, ऊन लागलं. माहीत नाय म्हननाऱ्या तुमी पहिल्याच."

मग तिनं मान वळवली आणि दारातल्या माणसाकडे बघितलं. रविवारपासून सगळी वसाहत मामांच्या वतीनं बोलत होती. दाजी बोलले, बहीण बोलली, मी पाठ करून आले. पण त्यांना स्वतःला कुणीच विचारलं नव्हतं, तिनंही नाही.

"तुना हातमा काय व्हतं?" तिनं त्यांच्या साक्रीकडच्या अहिराणीत विचारलं.

"सरबत," मामा म्हणाले.

"कोठून लिधं?" म्हणजे, कुठून घेतलंस.

"चुलीमांगे पातेलं व्हतं. कोनी पेत नव्हतं. मी मन्हा हातवरी लिधं."

"कसं व्हतं?"

मामा पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्याजवळची माती उकरू लागले. मला वाटलं, संपलं. मामीचा चेहरा मला वाचता येईना.

"खारं व्हतं," मामा अगदी हळू म्हणाले. "भलतंच खारं."

मामीच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की हुंदक्याचा, हे तिलाही ठरवता आलं नसावं. तिनं पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे वळली.

"सरबत मीच केलं व्हतं. नणंदनं मीठ टाकलं व्हतं," ती मला सांगू लागली, "मले माहीत नव्हतं. मी पुन्हा मूठभर टाकलं. पहिल्या बाईनं घोट घेतला आन् थुकला. आमी दोघींनी गुपचूप पातेलं चुलीमागे लपवलं. नवसारीचे हसतील म्हनून कोनाले सांगितलं नाय, याले त मुळीच नाय. संध्याकाळी ओतून दिलं." ती थांबली. "ओतताना कमी दिसलं. मी म्हटलं, सांडलं असंल."

पुन्हा ती त्यांच्याकडे वळली. आता तिचा आवाज तिच्या ताब्यात नव्हता.

"इतलं खारं व्हतं, मंग कसाले पिना?"

"तू करेल व्हतं ना," मामा म्हणाले. "म्हणीसन दोन गिलास पिनू."